न्याहारीचे अंडे : शिजविण्याच्या निरनिराळ्या रीती

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात समर्थ सहकारी साखर कारखाना ज्या ठिकाणी उभा आहे ते अंकुशनगर होय. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आल्यापासून या भागात उसाचे क्षेत्र वाढले. गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे कारखान्याच्या आसपासच्या शिवारांत ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात आणि या कोप्यांतील चुली पहाटे तीन-चारच्या सुमारासच पेटतात. भाकऱ्या होतात, कालवण होते, फडक्यात न्याहारी बांधली जाते आणि नवराबायको कोयता घेऊन फडाकडे निघतात. मागे राहिलेले मूल सूर्य वर आल्यावर उठते. त्याच्या वाट्याला पुष्कळदा चहा व त्यात बुडविलेले बटर, अथवा रात्रीची उरलेली भाकरी एवढेच येते. गावातील अल्पभूधारक शेतकऱ्याच्या घरीही, विशेषतः कापूस वेचणीच्या व रब्बीच्या कामाच्या दिवसांत, सकाळचे चित्र फारसे निराळे नसते. आणि त्याच घराच्या खुराड्यात कोंबडीने घातलेली चार-पाच अंडी असतात. ती दुकानात अगर आठवडी बाजारात विकावयाची म्हणून जपून ठेवलेली असतात.

अंडी विकण्याच्या या रीतीला नावे ठेवणे योग्य होणार नाही. अंड्यांचे पैसे हे बहुधा घरातील स्त्रीच्या हाती पडणारे पैसे असतात व त्यातून मीठमिरची, मुलांची वही-पेन्सिल येते. तथापि या व्यवहारात एक सोपी दुरुस्ती करता येते. गावरान अंड्याला बाजारात पोल्ट्रीच्या अंड्यापेक्षा बराच अधिक भाव मिळतो. पोषणाच्या दृष्टीने मात्र त्या दोहोंत म्हणण्यासारखा फरक नाही. उलट पोल्ट्रीचे अंडे सामान्यतः ५० ते ५५ ग्रॅम वजनाचे, तर गावरान अंडे ४० ग्रॅमच्या आसपास भरते. तेव्हा गावरान अंडी विकून त्याच पैशांतून पोल्ट्रीची अंडी आणली तर अंड्यांची संख्या वाढते, वजनही वाढते आणि ती मुलांच्या पोटात जातात. गावरान अंडे अधिक कसदार असते ही समजूत इतकी दृढ आहे की हा हिशेब प्रथम कोणास पटत नाही. कार्यकर्त्यांनी तो बाजारातील त्या दिवसाचे भाव घेऊन कागदावर मांडून दाखवावा.

साधारण आकाराच्या एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात जेवढी प्रथिने लागतात त्याच्या जवळजवळ निम्मी एका अंड्यातून येतात, असे ढोबळमानाने म्हणता येईल. मराठवाड्याचे मुख्य अन्न जी ज्वारी, तिच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो व अंड्यात तो विपुल असतो. म्हणून भाकरीबरोबर खाल्लेले अंडे स्वतःचा कस तर देतेच, पण भाकरीतील प्रथिनांचाही उपयोग वाढविते. पिवळ्या बलकात अ, ड व ब-१२ ही जीवनसत्त्वे असतात. क जीवनसत्त्व मात्र अंड्यात मुळीच नाही, आणि अंड्यातील लोह शरीरास सहजासहजी लागू पडत नाही. त्याकरिता अंड्यावर लिंबू पिळावे किंवा जोडीला कच्ची कोथिंबीर, टोमॅटो यांपैकी काही घ्यावे. ही चैन नव्हे, उणीव भरून काढण्याचा तो स्वस्त मार्ग आहे.

देशात अंड्यांचे उत्पादन पुष्कळ वाढले आहे. तरीही २०२३-२४ साली दरडोई उपलब्धता वर्षास १०३ अंडी, म्हणजे आठवड्यास दोनच, अशी होती. आणि हा सरासरीचा आकडा असल्याने कोपीतील मुलाच्या वाट्याला तेवढीही येत असतील असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडे, व अंडे न खाणाऱ्यांस केळे, देण्याचा निर्णय घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबविण्यात आला. अशा स्थितीत घरच्या चुलीवर शिजणाऱ्या अंड्याचे महत्त्व अधिकच आहे.

अंडे ताजे कसे ओळखावे

पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यात अंडे सोडावे. ताजे अंडे तळाशी आडवे पडून राहते. आठ-दहा दिवसांचे झाले म्हणजे त्याचे बोथट टोक वर उचलले जाते, आणि फार जुने अंडे पाण्यावर तरंगते. अंड्याच्या बोथट टोकाशी हवेची एक पोकळी असते. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून ओलावा बाहेर जाईल तशी ती मोठी होत जाते, हे यामागील कारण होय. तरंगणारे अंडे घेऊ नये. कोणतेही अंडे फोडताना ते आधी निराळ्या वाटीत फोडावे व वास पाहून मगच इतर अंड्यांत मिसळावे. एका नासक्या अंड्यापायी चार चांगली अंडी फेकून देण्याची पाळी त्यामुळे टळते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अंडी लवकर बिघडतात. कोंबड्याबरोबर फिरणाऱ्या कोंबडीची अंडी फलित असतात व घरातील उष्णतेनेच त्यांतील गर्भ वाढू लागतो. पिले काढावयाची नसतील तर कोंबडे निराळे ठेवावेत. अफलित अंडी अधिक दिवस टिकतात आणि त्यांच्या पोषणमूल्यात काही उणे नसते. मातीच्या पसरट कुंड्यात ओली वाळू भरून, त्यावर कोरडे फडके अंथरून अंडी ठेवल्यास ती गार राहतात. ठेवणीची अंडी धुऊ नयेत, कारण धुतल्याने कवचावरील नैसर्गिक संरक्षक थर जातो. मळलेली अंडी कोरड्या फडक्याने पुसावीत व शिजविण्यापूर्वी मात्र अवश्य धुवावीत.

अंडे गरम पडते, म्हणून उन्हाळ्यात खाऊ नये, गरोदर स्त्रीला देऊ नये, असे सर्वत्र सांगितले जाते. उन्हाळ्यात नासलेली अंडी खाण्यात आल्याने झालेला त्रास या समजुतीच्या मुळाशी असावा असे वाटते. ताजे व पूर्ण शिजलेले अंडे कोणत्याही ऋतूत चालते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला तर त्याची सर्वांत अधिक गरज असते.

आच कशी असावी

अंडे शिजविण्याच्या रीती अनेक असल्या तरी त्या सर्वांचे मर्म एकच आहे, आणि ते ज्यास कळले त्याला पाककृतीच्या पुस्तकाची गरज राहत नाही. अंड्यातील प्रथिने उष्णतेने घट्ट होतात. पांढरा बलक सुमारे ६२ अंशांपासून थिजू लागतो व ८० अंशांच्या आसपास चांगला घट्ट होतो. पिवळा बलक ६५ अंशांपासून दाटू लागून ७० अंशांच्या सुमारास बसतो. पाणी उकळते त्या उष्णतेपेक्षा ही उष्णता बरीच कमी आहे. याचा अर्थ असा की अंड्याला भडक्या जाळाची गरजच नसते. जाळ फार झाला तर प्रथिने आकसून आतील पाणी पिळून बाहेर टाकतात आणि अंडे रबरासारखे चिवट होते. जपानात उन्हाळ्या झऱ्यांच्या कोमट-कढत पाण्यात अंडी ठेवून शिजविण्याची प्रथा आहे. तेथे पिवळा बलक दाटतो आणि पांढरा मात्र दह्यासारखा मऊ राहतो, तो याच अंशांच्या फरकामुळे.

ग्रामीण भागातील चुलीवर नेमकी येथेच चूक होते. तुराट्या, पऱ्हाट्या किंवा उसाचे पाचट यांचा जाळ एकदम भडकतो आणि तितक्याच लवकर विझतो. अशा जाळावर टाकलेले अंडे खालून करपते व वरून कच्चे राहते. यास्तव भाकऱ्या आधी भाजून घ्याव्यात आणि अंडे शेवटी, जाळ ओसरून निखारे उरले असताना, तापलेल्या तव्याच्या उरलेल्या आचेवर करावे. जळणही वाचते आणि अंडेही मऊ होते. गॅसवर करणाऱ्यांनी ज्योत लहान ठेवली की झाले.

उकडलेले अंडे

न्याहारी बांधून नेणाऱ्या माणसाला याहून सोयीचा प्रकार नाही. अंडी पातेल्यात ठेवून त्यांवर दोन बोटे पाणी येईल इतके पाणी घालावे. पाणी खळखळून उकळले म्हणजे जाळ मंद करावा आणि त्यानंतर दहा मिनिटे ठेवावे; गावरान अंडे लहान असल्याने त्यास आठ-नऊ मिनिटे पुरतात. घड्याळ नसल्यास चार भाकऱ्या थापून भाजण्यास लागणारा वेळ धरावा. जळणाची टंचाई असेल तर पाणी उकळताच पातेले उतरवून त्यावर घट्ट झाकण घालावे, जाड फडक्यात गुंडाळावे व पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे. पाण्यातील उष्णतेनेच अंडी शिजतात. मात्र अंडी थोडी व पाणी भरपूर असावे, नाहीतर पाणी लवकर निवून अंडे आत कच्चे राहते.

यानंतर अंडी गार पाण्यात टाकावीत. हे पाणी पिण्याचेच घ्यावे. अंडे निवताना आतील हवा आकसते आणि कवचाच्या छिद्रांतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते; विहिरीवरच्या डोणीतील पाणी वापरले तर त्यातील घाणही त्याबरोबर आत जाते. अंडे फार वेळ उकडल्यास पिवळ्या बलकाभोवती हिरवट-काळे वलय दिसते. ते विषारी नसते. पांढऱ्या बलकातील गंधक व पिवळ्यातील लोह यांच्या संयोगाने ते होते आणि पुष्कळ वेळ उकडल्याची तेवढी ती खूण आहे.

अगदी ताज्या अंड्याचे कवच सोलताना पांढरा बलकही निघून येतो. गृहिणी त्याचा दोष पाण्याला किंवा मिठाला देतात. वास्तविक अंडे जितके ताजे तितका त्याचा पडदा आतील भागाला घट्ट चिकटलेला असतो. उकडण्यासाठी चार-सहा दिवसांची अंडी घ्यावीत, तव्यावर करण्यासाठी त्याच दिवशीची. फडावर न्यावयाचे अंडे सोलून नेऊ नये, कवचासहच न्यावे. थंडीच्या दिवसांत ते सकाळच्या न्याहारीपर्यंत चांगले राहते. उन्हाळ्यात मात्र दोन तासांच्या आत खावे.

अंड्याची पोळी, बुर्जी आणि धिरडे

आज सर्वत्र ऑम्लेट म्हणतात, त्यालाच अनेक घरांत अंड्याची पोळी असे म्हणत आले आहेत. दोन अंडी, चिमूटभर मीठ व हळद, बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर आणि चमचाभर पाणी एकत्र करून पांढरा व पिवळा बलक एकजीव होईपर्यंतच फेटावे. भाकरीचा तवा वापरावयाचा असेल तर त्यावरील जळके पीठ आधी पुसून काढावे, नाहीतर पोळी त्याला धरून बसते. तव्यावर पाण्याचा थेंब टाकताच तो चुरचुरला की तेल सोडावे, मिश्रण ओतावे आणि लगेच झाकण ठेवावे. झाकणाखालील वाफेने वरची बाजू शिजते. कडा सुटू लागल्या म्हणजे उलथण्याने उलटून अर्धा मिनिट ठेवावे. कांदा जाड चिरला तर पोळी हटकून फाटते.

बुर्जीत बहुतेकांचा धीर सुटतो. कांदा, मिरची, टोमॅटो चांगले परतून, टोमॅटोचे पाणी आटल्यावर कढई निखाऱ्यावर घ्यावी आणि मगच अंडी फोडून घालावीत. हलके हलवीत राहावे. अंडे गोळा झाले, ओलसर चमक जाऊन कोठे पातळ दिसेनासे झाले की ताबडतोब उतरावे, कारण कढईची उष्णता पुढेही काम करीत असते. कढईच्या तळाशी पाणी सुटलेले दिसले तर आच अधिक झाली असे समजावे. मुंबई-पुण्याच्या हातगाड्यांवर पावाबरोबर मिळणारी बुर्जी भडक्या आचेवर होते खरी, परंतु तेथील कारागिराचा हात क्षणभरही थांबत नसतो. पारशी लोकांची आकुरी ही बुर्जीचीच बहीण आहे, तिची आच मात्र अगदी मंद असते. गोव्यात ऑम्लेटवर कोंबडीचा नारळ घातलेला रस्सा ओतून रस-ऑम्लेट करतात. ते खरे तर संध्याकाळचे खाणे. परंतु घरी रात्रीचा रस्सा उरला असेल तर तो चांगला उकळून घेऊन सकाळी तीच युक्ती करण्यास हरकत नाही.

जेथे अंडी थोडी आणि खाणारी तोंडे अधिक असतात, तेथे धिरडे हा सर्वांत उपयुक्त प्रकार ठरतो व त्याचा प्रसार कार्यकर्त्यांनी आवर्जून करावा. एक वाटी ज्वारीचे पीठ, मूठभर बेसन, चिरलेली मेथी किंवा कांद्याची पात, मीठ, हळद व ओवा घेऊन त्यात दोन अंडी फोडावीत आणि पळीवाढे होईल इतके पाणी घालावे. पीठ दहा मिनिटे भिजू द्यावे. नंतर तव्यावर थोडे तेल सोडून पातळ पसरावे, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजावे. चार-पाच धिरडी होतात. नुसत्या ज्वारीच्या पिठाचे धिरडे उलटताना तुटते. अंडे घातल्याने त्यास बांधणी येते. निवल्यावरही ते मऊ राहत असल्याने उशिरा उठणाऱ्या मुलासाठी झाकून ठेवता येते, आणि मूल ते कोणाच्या मदतीवाचून हातात धरून खाते.

आणखी एक रीत फार कमी कष्टाची आहे. आमटी किंवा पातळ पिठले मंद उकळत असताना वाटीत फोडलेले अंडे अलगद त्यात सोडावे व झाकण ठेवावे. न ढवळता सहा-सात मिनिटांत पिवळा बलकही घट्ट होतो. निराळे तेल लागत नाही, निराळे भांडे लागत नाही. दात नसलेल्या वृद्धांना हे अंडे भाकरीच्या काल्याबरोबर सहज खाता येते.

चुलीच्या राखेत अख्खे अंडे पुरून भाजण्याचा खेळ मुले करतात. आतील वाफेने असे अंडे फुटते व गरम तुकडे डोळ्यात जाण्याचा धोका असतो. मुलांना तो करू देऊ नये.

कच्च्या अंड्याविषयी

तालमीत जाणारे तरुण दुधात कच्चे अंडे घालून पितात व त्यात अधिक ताकद असते असे मानतात. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. शिजलेल्या अंड्यातील प्रथिनांपैकी सुमारे ९० टक्के शरीराला लागू पडतात, कच्च्या अंड्यातील जेमतेम निम्मी. शिवाय कच्च्या पांढऱ्या बलकातील एक प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते आणि ते आतड्यातून शोषले जाऊ देत नाही. याखेरीज साल्मोनेला जंतूंचा धोका असतो, ज्यांमुळे जुलाब, उलटी व ताप येतो. शहरी हॉटेलांतून शिकून आलेला, पिवळा बलक पातळ ठेवण्याचा प्रकार निरोगी तरुणाने आपल्या जबाबदारीवर खावा; लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध व आजारी यांना मात्र दोन्ही बलक घट्ट झालेलेच अंडे द्यावे.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता. अशी वार्ता पसरली की दूरदूरच्या गावांतही लोक अंडी खाणे टाकतात. या रोगाचा विषाणू ७० अंशांच्या उष्णतेत नष्ट होतो, म्हणून पूर्ण शिजविलेल्या अंड्याची भीती नाही. परंतु ज्या घरी कोंबड्या एकाएकी मरू लागल्या असतील तेथील अंडी वापरू नयेत, मेलेल्या कोंबड्यांस हात लावू नये व पशुवैद्यकीय दवाखान्यात त्वरित कळवावे.

लहान मुलाला सहा महिने पूर्ण झाल्यावर वरच्या अन्नाबरोबर अंडे देता येते. उकडलेल्या अंड्याचा थोडा भाग मऊ भातात अगर वरणात कुस्करून द्यावा आणि दोन-तीन दिवस अंगावर पुरळ, ओठांना सूज अथवा उलटी होते काय ते पाहावे. तसे काही झाल्यास अंडे बंद करून डॉक्टरांस दाखवावे. बहुतेक मुलांना ते सोसते. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या प्रौढांनी रोज किती खावे हे आपल्या डॉक्टरांस विचारून ठरवावे.

गोदाकाठच्या या भागात पैठणच्या नाथांची परंपरा मानणारी माळकरी घरे पुष्कळ आहेत. तेथे अंड्याचा आग्रह धरू नये. असा आग्रह केलेल्या कार्यकर्त्याला त्या घरात पुढे कोणतीच गोष्ट सांगता येत नाही, मग ती बियाण्याची असो की लसीची. तेथे मोड आलेला हरभरा अगर मटकी, शेंगदाणे आणि दूध यांचा विषय काढावा. ज्वारीतील उणीव डाळी-कडधान्यांनीही बऱ्याच अंशी भरून निघते.

प्रात्यक्षिक करावयाचे झाल्यास ते सकाळी न ठेवता दुपारनंतर, तोडणी कामगार फडावरून परतल्यावर, कोप्यांच्या वस्तीतच ठेवावे. चूल त्यांचीच, तवा त्यांचाच आणि जळणही रोजचेच असावे. अंगणवाडी सेविकेस बरोबर घ्यावे. सहा अंडी पुरतात: दोन पाण्यात सोडून ताजे-शिळे ओळखून दाखवावे व मग तीच उकडण्यास ठेवावीत, दोन धिरड्याच्या पिठात जावीत, आणि उरलेल्या दोहोंपैकी एकाची पोळी भडक्या जाळावर व दुसऱ्याची निखाऱ्यावर करून दोन्ही पोळ्या बायकांच्या हाती शेजारी-शेजारी द्याव्यात.